नळीवरचं नाव आणि सिलिंडरवरचा ठसा

वाचकांचे प्रश्न : घरातल्या जुन्या वस्तू

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आजोबांचं एक छोटं, खिशात मावणारं रिव्हॉल्व्हर वडिलांच्या नावावर परवान्याने होतं. वडील वारल्यावर आम्ही ते लगेच परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा केलं आणि वारस म्हणून माझ्या नावे परवान्यासाठी अर्ज केला. अर्जात बनावट (म्हणजे कुणी बनवलं ते) आणि नंबर असे रकाने आहेत. वडिलांच्या परवान्यात ‘वेब्ली, इंग्लंड, नंबर ४७’ अशी नोंद आहे. पण विक्रेते म्हणतात, हे वेब्ली दिसत नाही. नळीच्या वरच्या पट्टीवर इंग्रजीत ‘ब्रिटिश बुल डॉग’ कोरलंय, वेब्लीचं नाव कुठेच नाही. पाच गोळ्यांचं आहे. चाप पुढे दुमडून पोटाशी बसतो, चापाभोवती कडं नाही. दुकानातच काढलेले फोटो सोबत पाठवतोय. हे कुणी बनवलं ते कळेल का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : सर्वांत आधी, रिव्हॉल्व्हर वेळेवर जमा केलंत हे फार चांगलं केलंत. अशी पत्रं मला नेहमी येतात आणि त्यांतल्या बऱ्याच जणांची वस्तू अजून कपाटात, साड्यांच्या घडीखाली पडलेली असते. त्यांच्यासाठी पुढे दोन शब्द लिहिणार आहेच.

तुमचं रिव्हॉल्व्हर इंग्लंडचं नाही. ते बेल्जियममधल्या लिएज शहराचं आहे आणि १८७७ ते १८९३ या काळात तिथल्या सरकारमान्य चाचणीगृहातून बाहेर पडलेलं आहे. हे मी नळीवरच्या मोठ्या अक्षरांवरून सांगत नाही. सिलिंडरच्या, म्हणजे गोळ्या बसतात त्या फिरत्या भागाच्या, तुम्ही पाठवलेल्या फोटोवरून सांगते आहे. पत्रात त्या फोटोचा तुम्ही उल्लेखही केलेला नाही, पण सगळी माहिती त्याच फोटोत आहे.

फोटो मोठा करून पाहा. सिलिंडरच्या मागच्या कडेला, गोळीच्या दोन घरांच्या मधल्या जागेत, तांदळाच्या दाण्याएवढी एक अंडाकृती चौकट दिसेल. तिच्यात वर ‘ई’, त्याखाली ‘एल’ आणि ‘जी’, आणि तळाशी एक बारीक तारा. हा लिएजच्या चाचणीगृहाचा ठसा. नळीत आणि सिलिंडरच्या घरांत नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढायचा, पोलाद फाटलं नाही, फुगलं नाही, तरच हा ठसा उठवायचा, अशी तिथली पद्धत. नेपोलियनच्या राज्यात १८१० साली निघालेल्या हुकमापासून हा अंडाकृती ठसा चालत आला. १८९३ साली त्याच्या डोक्यावर मुकुट आला. तुमच्या ठशावर मुकुट नाही, म्हणजे चाचणी त्याआधीची.

आता अंडाकृतीच्या शेजारी पाहा. एक सुटं अक्षर आहे, मला ते ‘एच’ वाटतंय, आणि त्याच्या माथ्यावर तारा. हा तारा अंडाकृतीतल्या ताऱ्याहून वेगळा, दोघांची गल्लत करू नका. हे ठसा उठवणाऱ्या तपासनीसाचं अक्षर. १८५३ ते १८७७ पर्यंत तपासनीसाच्या अक्षरावर मुकुट असायचा, १८७७ च्या सुरुवातीपासून त्या जागी तारा आला. तुमच्याकडे तारा आहे. एका ठशाने खालची मर्यादा दिली, दुसऱ्याने वरची. वय असं ठरतं. विक्रेत्याच्या अंदाजावर किंवा मुठीच्या लाकडाच्या रंगावर ते ठरवू नये.

नळीच्या डाव्या बाजूला, रिव्हॉल्व्हरच्या पोलादी चौकटीला लागून, आणखी एक ठसा अर्धवट दिसतोय. पायऱ्यांवर उभा केलेला खांब. तो पेरॉन, लिएजच्या बाजारचौकातला दगडी स्तंभ. त्या शहराचं ते जुनं मानचिन्ह आहे आणि तिथल्या बंदुकांवरही ते येतं. इतके पुरावे एकत्र आल्यावर शंका राहत नाही.

मग ‘ब्रिटिश बुल डॉग’ कशाला लिहिलं? कारण ते नाव त्या काळी खपत होतं. बर्मिंगहॅमच्या पी. वेब्ली अँड सन या कंपनीने १८७२ साली आखूड नळीचं, दणकट, पाच गोळ्यांचं खिशातलं रिव्हॉल्व्हर काढलं आणि त्याला हे नाव दिलं. कोटाच्या खिशात मावेल एवढंच, पण गोळी मात्र .४४२ किंवा .४५० इंच अशा भरभक्कम मापाची. ते इतकं चाललं की लिएजच्या कारागिरांनी आणि अमेरिकेतल्या कंपन्यांनीही त्याच्या नकला काढल्या आणि नावसुद्धा उचललं. ते नाव एका जातीचं होऊन बसलं. त्यामुळे पट्टीवरचं ‘ब्रिटिश बुल डॉग’ फक्त रिव्हॉल्व्हरची जात सांगतं. ते कुठल्या गावात आणि कुठल्या कारखान्यात बनलं, याचा त्या शब्दांशी संबंध नाही.

खरं वेब्ली असतं तर त्यावर बर्मिंगहॅमचे ठसे असते. तिथलं चाचणीगृह १८१३ च्या कायद्याने उभं राहिलं. १९०४ पर्यंत त्याचा ठसा म्हणजे एकमेकांवर तिरके ठेवलेले दोन राजदंड, वर मुकुट आणि कोनांमध्ये बारीक अक्षरं. लंडनचा ठसा वेगळा, तिथे मुकुटाखाली ‘जी’ आणि ‘पी’ एकमेकांत गुंफलेले. तुमच्या एकाही फोटोत यांतलं काही नाही. शिवाय बिनकड्याचा, दुमडता चाप ही बेल्जियमची खास आवड. वेब्लीच्या बुल डॉगला चापाभोवती कडं असतं.

या नावाच्या रिव्हॉल्व्हरशी एक मोठी घटना जोडलेली आहे. २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकावर चार्ल्स गिटो याने अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्या ब्रिटिश बुल डॉगमधूनच. पुढे अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाने त्या रिव्हॉल्व्हरचे फोटो काढले, पण रिव्हॉल्व्हर मात्र नंतर गहाळ झालं. आज अभ्यासकांच्या हाती फोटोच उरलेत, आणि फोटोच्या पलीकडच्या बाजूला काय ठोकलं होतं ते फोटो सांगत नाही. मला याची मनापासून हळहळ वाटते. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, वस्तूच्या सगळ्या बाजूंचे फोटो काढा, नुसतं देखणं रूप नको.

आता तुमचा मूळ प्रश्न : कुणी बनवलं? लिएजच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर एका नावात क्वचितच बसतं. तिथे बंदूक एका छपराखाली बनत नसे. नळ्या प्रामुख्याने व्हेद्र नदीच्या खोऱ्यातल्या गावांतून यायच्या. चौकट, सिलिंडर, घोडा, चाप, स्प्रिंगा असे सुटे भाग शहराभोवतीच्या गावांतले कारागीर आपापल्या घरी, खिडकीपाशी बसून कानशीने घडवायचे. पेढीवाला हे भाग गोळा करायचा, जुळवून घ्यायचा, चाचणीगृहातून काढायचा आणि जगभर पाठवायचा. आपण ज्याला कर्ता म्हणतो तो बहुतेक वेळा हा पेढीवाला. फ्रँकोट, पीपर, नागां, राँज, सिमोनिस, द्यूमूलँ अशी कितीतरी घराणी या धंद्यात होती. काहींनी आपली खूण ठोकली, जसं ऑगस्ट फ्रँकोट यांच्या मालावर मुकुटाखाली ‘ए एफ’ ही अक्षरं दिसतात. बऱ्याच जणांनी स्वस्त मालावर काहीच ठोकलं नाही, कारण तो माल दुसऱ्याच कुणाच्या नावाने विकला जायचा.

तुमच्या रिव्हॉल्व्हरवर पेढीची खूण असलीच तर ती तीन जागी सापडण्याची शक्यता जास्त. मुठीच्या लाकडी फळ्या काढल्यावर आतल्या पोलादी सांगाड्यावर. सिलिंडर काढल्यावर चौकटीच्या आतल्या भिंतीवर. आणि गोळ्या भरायच्या बाजूच्या झडपेच्या आतल्या अंगाला. हे तुम्ही करू नका. विक्रेत्याच्या कारागिराला करू द्या, आणि स्क्रू ड्रायव्हर खाचेत नेमका बसणाराच वापरायला सांगा. जुन्या स्क्रूची खाच एकदा चेपली की वस्तूचं रूपच जातं. उजेड समोरून नको, बाजूने तिरका पडू द्या, मग झिजलेला ठसाही सावलीने उठून दिसतो. तरी वाचता आला नाही तर त्यावर पातळ कागद ठेवून मऊ शिसपेन्सिल हलकेच फिरवायची. फोटोत न दिसलेलं अक्षर कागदावर उतरलेलं मी अनेकदा पाहिलंय.

आणि ‘नंबर ४७’. तुमच्या पाचव्या फोटोत झडपेच्या कडेवर ४७ स्पष्ट आहे, सिलिंडरच्या पुढच्या तोंडावरही ४७ आहे. मूठ उघडल्यावर तिथेही हाच आकडा निघेल, असं मला वाटतं. हा जुळणीचा आकडा. एकाच खेपेतल्या अनेक रिव्हॉल्व्हरांचे भाग एकमेकांत मिसळू नयेत म्हणून कारागीर सगळ्या भागांवर एकच छोटा आकडा ठोकायचा. कारखान्याचा अनुक्रमांक तो नव्हे. एकच ४७ अनेक रिव्हॉल्व्हरांवर असू शकतो. पूर्वी परवाना लिहिणाऱ्या कारकुनाला वस्तूवर कुठला तरी आकडा हवा होता, त्याने हा घेतला. नाव हवं होतं, तर बुल डॉग म्हणजे वेब्ली असं कुणीतरी सांगितलं असणार. तुमच्या वडिलांचा यात काही दोष नाही. अशा नोंदी मी संग्रहालयातल्या नोकरीत सतत पाहिल्या आणि जमेल तिथे वस्तू समोर ठेवून दुरुस्त करून घेतल्या.

अर्जात काय लिहायचं? जे वस्तूवर आहे तेच. ‘बुल डॉग जातीचं, लिएज, बेल्जियम येथील चाचणीचे ठसे, पेढीचं नाव आढळलं नाही, जुळणीचा आकडा ४७, पट्टीवर अमुक अक्षरं’ असं विक्रेत्याकडून लेखी घ्या, फोटो जोडा आणि जुन्या नोंदीतला फरक परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यांच्या लक्षात स्वतःहून आणून द्या. पुढे तपासणीत नोंद आणि वस्तू जुळली नाही तर त्रास तुम्हाला होईल. कुणी म्हणेल, नवा नंबर ठोकून घ्या, किंवा हा घासून काढा. ऐकू नका. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ८ नुसार बंदुकीवरचं नाव, नंबर किंवा ओळखीची खूण पुसणं, बदलणं, खोटी उठवणं याला मनाई आहे. खूण उठवायचीच असेल तर ती अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून, त्यांच्या पद्धतीने.

याच कारणासाठी घासूपुसू नका, हे मी हात जोडून सांगते. चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर, पॉलिश पेपर, काहीही नको. गंज दिसतो म्हणून आपण चकचकीत करायला जातो आणि केसाएवढ्या खोलीचा तो ठसा पहिल्याच घासण्यात जातो. दीडशे वर्षांच्या आसपास टिकलेली एकुलती एक खरी माहिती एका दुपारी नाहीशी होते. मऊ दातघासणीने धूळ झटकायची, शिवणयंत्राच्या तेलाचा अगदी हलका हात फिरवायचा, जुन्या सुती कापडाने टिपायचं. बस.

आता कपाटवाल्यांसाठी. ‘शंभर वर्षांचं आहे, अँटिक आहे, याला परवाना कशाला’ असं अनेकजण म्हणतात. कायद्याच्या कलम ४५ मध्ये जुनाट घडणीच्या किंवा पुरातन मोलाच्या शस्त्रांना सवलत आहे खरी, पण ती अशाच शस्त्राला जे दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही. बुल डॉगमध्ये धातूची काडतुसं जातात, आणि साधारण कारागीरसुद्धा ते चालू करू शकतो. तेव्हा वयावर विसंबू नका. आपलं शस्त्र सवलतीत बसतं की नाही, हे घरमालकाने स्वतःच्या मनाने ठरवायचं नसतं. वस्तू हाताळू नका, आत गोळी आहे का ते उघडून पाहू नका, पिशवीत घालून एसटीने आणू नका. जिथे आहे तिथेच ठेवून पोलीस ठाण्याला कळवा आणि ते सांगतील तसं जमा करा. कलम २१ मध्ये ताबा कायदेशीर न राहिलेलं शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे विनाविलंब जमा करण्याचीच तरतूद आहे. तिथे वारसाच्या हक्काचाही विचार केलेला आहे.

जाता जाता एक गोष्ट. लिएजचा आणि आपला संबंध नुसत्या स्वस्त बुल डॉगपुरता नाही. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर ज्या ब्राउनिंग पिस्तुलातून गोळ्या झाडल्या, त्या जातीची पिस्तुलं लिएजला खेटून असलेल्या हेर्स्टालच्या कारखान्यात बनत. त्या पिस्तुलांवरही लिएजचाच अंडाकृती ठसा असतो, मुकुटासह, आणि तपासनीसाच्या अक्षरावर ताराही.

प्रश्न : माझ्या काकांकडे परवान्याचं जुनं रिव्हॉल्व्हर आहे. पणजोबा बोटीवर खलाशी होते, त्यांनी परदेशातून आणलेलं. त्यावर ‘.३८ एस अँड डब्ल्यू’ असं आहे, म्हणून घरात सगळे त्याला स्मिथ अँड वेसन म्हणतात. पण मुठीवर घुबडाचं डोकं आहे. वेसन कंपनीची ही खूण आहे का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नाही. घुबडाचं डोकं ही आयव्हर जॉन्सन कंपनीची खूण. मॅसॅच्युसेट्समधली ही कंपनी रिव्हॉल्व्हरांबरोबर सायकलीही बनवायची. आधी वुस्टरला होती, १८९१ साली फिचबर्गला गेली. आयव्हर जॉन्सन स्वतः नॉर्वेत जन्मलेले बंदूककार.

‘.३८ एस अँड डब्ल्यू’ हे काडतुसाचं नाव आहे. स्मिथ अँड वेसनने काढलेलं ते काडतूस अनेक कंपन्यांच्या रिव्हॉल्व्हरांत चालायचं, म्हणून नळीवर त्याचं माप लिहिलेलं असायचं. या एका ओळीने जेवढे लोक फसतात तेवढे दुसऱ्या कशानेच फसत नसतील. स्पेनमधल्या एबारच्या कारखान्यांनी तर अशी ओळ मोठ्या अक्षरांत ठोकून माल विकला. ‘अमुक काडतुसांसाठी’ हे शब्द बारीक आणि स्मिथ अँड वेसन मात्र ठळक.

अमेरिकी रिव्हॉल्व्हरवर युरोपसारखे चाचणीचे ठसे शोधू नका. तिथे सरकारी चाचणीगृहाची सक्तीच नव्हती. तिथे नळीच्या पाठीवर कंपनीचं नाव, गाव आणि पेटंटच्या तारखा वाचायच्या. मात्र पेटंटची तारीख म्हणजे बनवल्याची तारीख नव्हे. स्मिथ अँड वेसनच्या सुरुवातीच्या रिव्हॉल्व्हरांवर ३ एप्रिल १८५५ असं येतं. ती रोलिन व्हाइट यांच्या पेटंटची तारीख, आणि ती अंगावर असलेली रिव्हॉल्व्हरं पुढे कितीतरी वर्षं बनत होती. तारीख एवढंच सांगते की वस्तू तिच्याआधीची नाही.

तुमच्या काकांना एक गोष्ट पाहायला सांगा, अर्थात रिव्हॉल्व्हर रिकामं असल्याची खात्री करून, आणि शक्यतो विक्रेत्याकडेच. घोड्याचं तोंड सपाट आहे का, आणि काडतुसावर आदळणारी सुई चौकटीत वेगळी बसवली आहे का? तसं असेल तर ते १८९४ पासूनचं ‘सेफ्टी ऑटोमॅटिक’ घराण्यातलं. त्यात चाप पूर्ण दाबल्यावरच एक पट्टी वर सरकून घोडा आणि सुई यांच्यामध्ये येते आणि घोड्याचा मार सुईपर्यंत पोचवते. चाप न दाबता घोड्यावर ठोसा बसला तरी बार उडत नाही. खिशात वागवायच्या हत्यारासाठी ही फार हुशारीची सोय होती, आणि जॉन्सनचं नाव खऱ्या अर्थाने यासाठी घ्यायला हवं. ६ सप्टेंबर १९०१ रोजी बफेलो शहरात राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावर झाडलेलं .३२ रिव्हॉल्व्हरही याच कंपनीचं होतं.

प्रश्न : आमच्या पणजोबांचं रिव्हॉल्व्हर त्यांच्या काळचं आहे, त्यावर मुंबईच्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सचं नाव आहे. मुलगा न्यू जर्सीत असतो, त्याला ते आठवण म्हणून न्यायचंय. नेता येईल का? आणि किंमत किती येईल?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : आर्मी अँड नेव्ही हे विकणारं दुकान, मुंबईत ते १८९१ साली उघडलं. कलकत्त्याच्या मँटन किंवा रॉडा यांची नावंही अशीच नळीवर सापडतात. अशा दुकानांच्या नावाखाली बर्मिंगहॅमचा माल सर्रास विकला जायचा, तेव्हा सिलिंडर आणि नळीवरचे ठसे वर लिहिल्याप्रमाणे पाहा.

परदेशी नेण्याचा विचार सोडून द्या. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ खाली पुरावशेष ठरते आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. त्यावर शस्त्र कायदा वेगळा आहेच. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १८९८ पर्यंत बनलेल्या बंदुका अँटिक धरतात, हे तुमच्या मुलाने वाचलं असेल, पण त्या सवलतीचा आपल्या विमानतळावर काही उपयोग नाही.

किमतीचं मी सांगत नाही. ठसे न पाहता सांगितलेली किंमत ऐकूही नका. तुमच्या पत्रात परवान्याचा उल्लेख नाही. तो नसेल तर आधी पोलीस ठाण्याला कळवा, बाकीचं नंतर. वस्तू रीतसर जमा झाल्यावर सिलिंडर, नळीची डावी बाजू आणि मुठीच्या आतला भाग असे तीन फोटो पाठवा.